पंधरा मिनिटं गप्प

खडोली, सिल्वासा
रविवार, २१ जुलै २०२४

रोहिणी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घातलं नाहीस, असं धरून लिहिते. फोन करत नाही, कारण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, हे दहा वर्षांत मला चांगलं कळलंय. पत्राचं बरं असतं. फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

बातमी अशी की तुझी अक्का पुन्हा कॉलेजात जाते. हस खुशाल. तुझे भाऊजीही हसले. रात्रपाळी करून आले होते, चहा हातात घेऊन म्हणाले, "आते काय कलेक्टर व्हशी का?" मी म्हटलं, कलेक्टर नाही होणार, पण दोंडाईचाला दुसऱ्या वर्षाला लग्नापायी सोडलेली बी.ए. अजून घशात अडकली आहे, ती एकदाची गिळू द्या. आमच्या खात्याने सांगितलं होतं की ज्या अंगणवाडीच्या बायांना शिकायचंय त्यांनी मुक्त विद्यापीठात नावं घालावीत. बालविकासाची पदवी आहे. दर रविवारी इथल्याच एका कॉलेजात वर्ग भरतो.

खरं सांगू का, मी शिकायला गेलेच नव्हते. कागद आणायला गेले होते. बावीस वर्षं एकाच अंगणवाडीत पोरं सांभाळली, आता मला कोण काय शिकवणार, अशा तोऱ्यात पहिल्या बाकावर जाऊन बसले. बाक एवढा अरुंद की अर्धी मी बाहेर. शिकवायला मृणाल मॅडम, चिपळूणच्या, तीसच्या आतबाहेर. आपल्या घरात असती तर मी तिला भाजी निवडायला बसवलं असतं. तिने आल्या आल्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. तुमच्या वर्गातलं कोणतंही एक मूल घ्या आणि त्याच्याबद्दल असं काहीतरी सांगा, जे फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

मी उभी राहिले आणि पोराचं वजन सांगितलं. मॅडम म्हणाल्या, ते काट्याला ठाऊक आहे. मग लसी सांगितल्या. त्या म्हणाल्या, त्या कार्डावर आहेत. मला एकतीस पोरांची वजनं ग्रॅमपर्यंत पाठ आहेत गं, पण त्यापुढे माझी गाडीच हलेना. मागच्या बाकावरची पोरसवदा मुलगी म्हणाली, आमच्याकडची एक मुलगी झोपताना स्वतःचाच कान धरते. मॅडमनी तिला शाबासकी दिली आणि मी खाली बसले.

नंतर त्यांनी पडद्यावर दोन दिवसांचं बाळ दाखवलं. खोलीत चार बायका बोलतात, बाळ ढिम्म. आई बोलली की मान वळते. दोन दिवसांचं, रोहिणी! डोळे धड उघडत नाहीत आणि आवाजांतून आपला आवाज निवडतं. मेंदूची बहुतेक वाढ पाच-सहा वर्षांच्या आत होऊन जाते म्हणे. म्हणजे माझ्या सतरंजीवर बसल्या बसल्या. बावीस वर्षं मी या पोरांची नाकं पुसली, आणि नाकाच्या वर एवढं काय काय चाललंय हे मला कोणी सांगितलंच नाही. घरी येताना रिक्षात एका बाईच्या मांडीवर बाळ होतं, त्याच्याकडे मी देवळात बघावं तसं बघत बसले. त्या बाईने शेवटी त्याला पदराखाली झाकलं.

गौरी कशी आहे, हे विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारते. राखीला येतो तेव्हा जयवंत सांगतो की ती आता खूप बोलते. तुम्ही इथे आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आलात तो २०१३चा जून. समाधानरावांना सूत कारखान्यात काम लागलं, आणि साडेतीन वर्षांची गौरी माझ्याच अंगणवाडीत यायला लागली. ती वर्गात बोलेनाशी झाली, महिन्याभरात घरीही. सात महिने. तुम्ही गाव गाठलंत तेव्हा दाखला मीच दिला. त्यावर 'बौद्धिक वाढ मंद' असं मीच लिहिलं, आणि त्या कागदापायी गावच्या शाळेने तिला वर्षभर घेतलं नाही. हे सगळं खरं आहे. पण मला तेव्हा जे दिसलं ते मी लिहिलं. आईच्या तेराव्याला तू चारचौघांत विचारलंस, "अक्का, पहिल्या दिवशी वर्गात काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. आजही तेच सांगते.

तुझी,
अक्का


रविवार, १८ ऑगस्ट २०२४

रोहिणी,

तुझं उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. मी तेवढ्यावर खूश आहे.

आम्हाला एक काम दिलंय. वर्गातलं एक मूल निवडायचं आणि रोज पंधरा मिनिटं त्याच्याकडे बघायचं. नुसतं बघायचं. कोपऱ्यात बसायचं, बोलायचं नाही, विचारायचं नाही, रागवायचं नाही, कोणी रडलं तर भिमाबाई बघेल. आणि डोळ्यांना दिसलं तेवढंच वहीत लिहायचं. असं दहा आठवडे.

मला वाटलं, हा काय अभ्यास झाला? पहिल्या दिवशी घड्याळ लावून बसले. रोहिणी, मी पंधरा मिनिटं गप्प बसू शकले नाही. चार वेळा तोंड उघडलं. "ए, नीट बस." "नाक पूस." "तिकडे काय आहे?" चौथ्यांदा तर मुलांनीच वळून माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांत त्या खोलीत मी जागी असून गप्प आहे, असं कधी झालंच नव्हतं. भिमाबाई आमची तेडागर, म्हणजे रोज सकाळी घरोघर फिरून पोरं गोळा करून आणणारी, इथल्याच वारली जमातीतली. ती खिचडी ढवळता ढवळता म्हणाली, "बेन, तुमी गप ऱ्हायल्या ना, तं मना वाटलं वर्गात कोन नायच."

आठवड्याने मॅडमनी वही परत दिली. पानभर लाल गोल. मी लिहिलं होतं, 'मुलगा हट्टी आहे.' त्यांनी बाजूला लिहिलं, 'हे कुठे दिसलं?' मी लिहिलं होतं, 'आळशी आहे, लक्ष नसतं.' त्यांनी लिहिलं, 'लक्ष कुठे असतं?' मला इतका राग आला की वाटलं, वही तिथेच ठेवून घरी यावं. रिक्षात बसल्यावर विचार केला, खरंच, त्याचं लक्ष असतं तरी कुठे?

मुलगा कोण ते सांगायचंच राहिलं. स्वप्नील, चार वर्षांचा. मूळचे दुधनीकडचे, धरणाच्या काठावरचे मासे मारणारे लोक. आई सायली गावच्या कारखान्यात लागली म्हणून इथे खोली करून राहतात. घरी वारलीच बोलतात. जूनपासून येतो आणि एक अक्षर बोललेला नाही. आमच्या सुपरवायझर मनीषाबेन यांनी फॉर्म देऊन ठेवलाय. 'विकासात मागे' या चौकोनात मी खूण केली आणि सही केली की त्याचं नाव वेगळ्या यादीत जाईल. दिवाळीच्या आत द्यायचाय.

मी त्यालाच निवडला. मॅडमनी विचारलं, याच मुलाला का? मी म्हटलं, गप्प असतो, बघायला सोपा.

अक्का


शुक्रवार, ६ सप्टेंबर २०२४

रोहिणी,

आज रविवार नाही, तरी लिहिते, कारण हे पोटात ठेवलं तर मला जेवण जाणार नाही.

हा स्वप्नील रोज सकाळी दाराशी बसून सगळ्यांच्या चपला लावतो. डावी उजवी जुळवून, भिंतीला टेकवून, एका ओळीत. मी दोन महिने त्याच्यावर ओरडत होते, घाण आहे ती, हात लावू नको. आता बघायचं व्रत घेतलंय म्हणून ओरडता येत नाही. तर तो चपला लावतो, आत येतो, खिडकीपाशी बसतो. थोड्या थोड्या वेळाने उठून दारात जातो, ओळ बघतो, परत येतो. हे मी नुसतं लिहीत होते.

खिचडीच्या वेळी भिमाबाई थाळ्यांची चळत ओट्यावर ठेवते. गेल्या आठवड्यापासून हा उठून थाळ्या मांडायला लागला. आज माझ्या हजेरीपटावर सत्तावीस. मी कोपऱ्यातून मोजल्या, त्याने सव्वीसच मांडल्या. शब्द ओठांवर आला होता, "एक थाळी कमी आहे रे!" पण पंधरा मिनिटं व्हायला चार मिनिटं बाकी होती. जीभ चावून बसले. मुलं बसली. थाळ्या पुरल्या. एकही मूल थाळीवाचून राहिलं नाही.

मी उठून हजेरी पुन्हा घेतली. केदार नव्हता. सकाळी मी त्याला हजर लावला होता, आणि मध्येच त्याची आजी येऊन त्याला घेऊन गेली होती. मला पत्ता नाही, भिमाबाईला पत्ता नाही. पण दारातल्या ओळीतून निळ्या पट्ट्याची चप्पल गेली होती, आणि ते एकाच माणसाने बघितलं होतं. त्याला आकडे येत नाहीत. एक-दोन-तीन म्हण म्हटलं तर तो जमिनीकडे बघतो. पण सत्तावीस पोरं त्याच्या डोक्यात आहेत गं, पायांसकट. कोण आलं, कोण गेलं, कोण आज दुसऱ्याच्याच चपला घालून आलं. माझा हजेरीपट खोटा, त्याच्या थाळ्या खऱ्या.

मी तिथेच सतरंजीवर बसले. हसू येत होतं आणि अंगावर काटाही. एवढंसं ते पोर, नाकात शेंबूड, चड्डीचं बटण तुटलेलं. त्याच्या वजनाला मी दर महिन्याला नावं ठेवते. आणि ते रोज सकाळी सगळ्या वर्गाची मोजदाद करून, प्रत्येकाला खायला मिळेल एवढं बघून, गुपचूप आपल्या जागेवर जाऊन बसतं. कोणी सांगितलं नाही, कोणी शाबासकी दिली नाही. मी मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "चंदाताई, लिहून काढा, लगेच. असं बघायला मिळणं भाग्याचं असतं."

लिहिलं. सात पानं झाली. एकाही शब्दाला लाल गोल नाही.

लिहिताना मात्र सारखं मनात येत होतं की दुसरं एक मूलही असंच भिंतीपाशी बसायचं. ते काय बघत होतं, हे मी कधी बघितलं नाही.

अक्का


रविवार, २९ सप्टेंबर २०२४

रोहिणी,

आज वर्गात मॅडमनी शिकवलं की घरची भाषा एक आणि वर्गातली दुसरी असली, तर पुष्कळ मुलं काही महिने बोलतच नाहीत. ती मागे पडलेली नसतात. आत साठवत असतात. शब्द, चाली, कोणी काय म्हटल्यावर कोण हसतं, सगळं. त्यांना घाई करायची नाही, घरची बोली बंद करायची नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्या गप्पपणाला नाव द्यायचं नाही. मॅडम फळ्यावर लिहीत होत्या आणि बाकीच्या उतरवून घेत होत्या.

मी उठून बाहेर नळावर गेले. तोंडावर पाणी मारलं. मॅडम मागून आल्या, म्हणाल्या, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, बाक अरुंद आहे, पाठ धरली.

तुला एक गोष्ट लिहायची आहे. तीन वेळा कागद घेतला आणि तीन वेळा फाडला. आज पुढे लिहवत नाही.

अक्का


सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४

रोहिणी,

आज स्वप्नील बोलला. माझ्याशी नाही.

झालं असं, की गेल्या आठवड्यापासून गोष्टीच्या वेळी मी कोपऱ्यात बसते आणि भिमाबाईला सतरंजीवर बसवते. तिला म्हटलं, तुझ्या बोलीत सांग. ती आधी लाजली. मग दुधनीच्या पाण्याची, जाळ्याची, तिच्या बापाची गोष्ट सांगायला लागली. आज सांगता सांगता ती म्हणाली की बापाने भर दुपारी जाळं टाकलं. आणि खिडकीपाशी बसलेला हा पोरगा उभा राहिला आणि वारलीत मोठ्याने म्हणाला, दुपारी नाही टाकत, उजाडायच्या आधी टाकतात. सगळा वर्ग ऐकत राहिला. पोराचं पहिलं बोलणं, आणि तेही मोठ्या माणसाची चूक दाखवणारं! भिमाबाई म्हणाली, "बरोबर हाय तुजा, मीच इसरली." मग तो पुढचं सांगायला लागला, आणि पुरती पंधरा मिनिटं बोलत होता. माझ्या वहीवर पाणी पडत होतं, म्हणून मला शेवटचं नीट लिहिता आलं नाही.

मनीषाबेन फॉर्म न्यायला आल्या होत्या. मी चौकोन कोरा ठेवून त्यांना वहीच्या झेरॉक्स दिल्या. त्या म्हणाल्या, "चंदाबेन, एक टिक करवानी हती. आटलां बधां पानां कोण वांचशे?" मी म्हटलं, कोणी वाचू नका, पण खूण मी करणार नाही. एकदा केली होती, तेवढी बास झाली.

आता ती गोष्ट. पुन्हा कागद फाडण्याआधी लिहून टाकते.

पहिला दिवस. तू गौरीला दारात सोडून वळलीस. त्या दिवशी नेमकी तपासणी होती, त्या वेळच्या सुपरवायझर बाई खुर्चीवर बसलेल्या. गौरी धावत आत आली, माझा पदर धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मावशी, तुन्हाजोडे बसू?" पोरं हसली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. आणि मला लाज वाटली, रोहिणी. आपल्या अहिराणीची. मी नवीन इथे आले तेव्हा माझ्या बोलण्याला सगळे हसायचे. चार वर्षं घासून घासून मी ते पुसलं होतं, आणि ही पोर ते सगळ्यांसमोर घेऊन उभी राहिली. शिवाय भाची म्हणून हिचे लाड करते, असं कोणी म्हणू नये, हीही भीती. आमच्यात रीतच होती, स्वतःचं मूल वर्गात असलं तरी ते आईला बेनच म्हणायचं.

मी खाली वाकले, तिच्या मुठीतून पदर सोडवला आणि म्हटलं, "इथे मी तुझी मावशी नाही. इथे बेन म्हणायचं. आणि हे असलं बोलणं घरी. इथे नीट बोलायचं, नाही तर बोलूच नको."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग भिंतीपाशी जाऊन बसली. मी बाईंना ऐकू जाईल असं म्हटलं, "शहाणी गं माझी ती."

त्यानंतर ती बोलली नाही. एकदा तिला बाहेर जायचं होतं, पण मला काय हाक मारावी हे तिला ठरवता आलं नसेल. तिने विचारलं नाही आणि तिथेच ओलं झालं. मी भिमाबाईला म्हटलं, हिला एवढंही कळत नाही. आणि दाखल्यावर लिहिलं ते तू वाचलंच आहेस. सुरतेला तुम्ही तिचे कान तपासून आणलेत, गावाहून येऊन सासूने तुला मुक्या पोरीची आई म्हणून बोल लावले, हे सगळं मी शेजारच्या खोलीतून ऐकत होते. एक वाक्य बोलायचं होतं. 'मी तिला गप्प बस म्हटलं होतं.' मी बोलले नाही. आणि परतीच्या गाडीत नंदुरबार सोडल्यावर ती बोलायला लागली, हे जयवंतने सांगितलं, तेव्हा मला आनंद व्हायच्या ऐवजी धडकी भरली, की आता ही सांगेल.

सोबत एक कागद आहे. त्यावर माझी सही आहे, आणि खाली माझं पद आहे. लिहिलंय की २०१४ साली मी दिलेला शेरा चुकीचा होता, मुलीला मीच वर्गात तिच्या बोलीत बोलायला मनाई केली होती, आणि चूक मुलीची नव्हती. शाळेत दाखव, समाधानरावांच्या घरी दाखव, चौकात लाव. यावरून मला कोणी घरी बसवलं तरी चालेल. अभ्यासाच्या वहीत शेवटच्या पानावरही मी हेच लिहून दिलंय. काल ते वाचून मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, ज्यांना हे सांगायला हवं त्यांना सांगितलंत का?

सांगितलं. मला माफ कर असं म्हणत नाही. तुला पहिल्या दिवशी काय झालं ते हवं होतं, ते आज दिलं.

अक्का


रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

रोहिणी, माझी बाय,

तुझं पत्र बुधवारी आलं. पोस्टमन वर्गाच्या दारात उभा होता आणि मला पुढे होऊन घ्यायचा धीर होईना. भिमाबाईने घेतलं, माझ्या हातात ठेवलं आणि पोरांना अंगणात घेऊन गेली.

तू लिहिलंस, 'अक्का, तू आता कबूल केलंस ते मला त्याच संध्याकाळी माहीत होतं.' मी हे वाक्य इतक्यांदा वाचलं की घडीवरची अक्षरं पुसट झाली. गौरीने घरी येताच तुला सगळं सांगितलं होतं. मावशी म्हणते, मी मावशी नाही. आणि तू तिला म्हणालीस, 'बेन म्हणायला सांगितलं ना, मग बेनच म्हणायचं. घरीही तेच म्हण, नाही तर वर्गात चुकशील. आणि आपलं बोलणं आता बंद, इथली पोरं कशी बोलतात तसं बोलायचं.' तुला वाटलं, पोर लवकर शहरातली होईल. अक्काच्या हाताखाली आहे, शिकेल.

आणि पुढे तू जे लिहिलंस, त्याला छाती लागते. 'तेराव्याला मी तुला विचारलं ते माहीत नव्हतं म्हणून नाही. तू लोकांसमोर हो म्हणावंस, म्हणजे सगळं तुझ्या एकटीच्या माथी जाईल, म्हणून विचारलं. तू नाही म्हणालीस, तर मला तुझ्याशी न बोलायला कारण मिळालं. तुझ्याशी बोलले असते तर माझं मला आठवलं असतं.'

वेडे, दहा वर्षं आपण दोघी एकाच दगडाची दोन टोकं धरून बसलो होतो. मला तुझा राग येईल असं तुला वाटलं ना? नाही आला. मी रडले, मग उठून चहा केला, आणि तुझे भाऊजी पाळीवरून आल्यावर त्यांना पत्र वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, तिकीट कधीचं काढू?

तू माझी पत्रं डब्यात लपवलीस आणि गौरीने शोधून वाचली, हे बरं झालं. चौदा वर्षांच्या मुलींपासून काही लपत नाही. ती वाचून तुला जे म्हणाली, ते तू जसंच्या तसं लिहिलंस, त्याबद्दल तुझे पाय धरीन. तिला ते खरंच आठवतं की माझी पत्रं वाचून तिने जुळवलंय, देव जाणे. पण मला ते खरं वाटतं. ती म्हणाली, 'मावशी की बेन, घरचं बोलणं की तिकडचं, हे तुमचं दोघींचं ठरलं की मग बोलू, असं मला वाटायचं. तोपर्यंत चुकीचं बोलले असते तर एक तरी रागावली असती.'

मी हे मृणाल मॅडमना सांगितलं. त्या एवढ्या शिकलेल्या बाई, त्यांनी ते वाक्य माझ्याकडून आपल्या वहीत लिहून घेतलं.

मी येत्या शनिवारी येतेय. सुरतेहून सकाळची गाडी धरते, दुपारी दोंडाईचाला पोहोचेन. जयवंतला स्टेशनवर पाठवू नकोस, मी येईन चालत. तुझ्या सासूबाईंसमोर मी तो कागद स्वतः वाचणार आहे, आणि गौरी म्हणेल तर शाळेतही जाऊ. ती नको म्हणाली तर नाही. तिच्यासमोर मी काय बोलेन हे मला अजून ठाऊक नाही. बहुतेक बोलणारच नाही, तिला बोलू देईन.

बाकी सगळं भेटीत. एवढं मात्र आजच लिहिते, कारण त्या बुधवारपासून मला दुसरं काही सुचत नाही. साडेतीन वर्षांची पोर गं. तिला दोन्हीकडचं बोलता येत होतं, तिला काय हवं ते कळत होतं, आणि आपल्या दोघींपैकी एकीचंही मन दुखू नये म्हणून ती सात महिने गप्प बसली, आपलं ठरायची वाट बघत. आणि मी तिच्या पुढ्यात बसून कागदावर लिहिलं, बौद्धिक वाढ मंद.

तुझी,
चंदा